चोरून घेतलेलं माप

३ ऑगस्ट

आजपासून ही वही. हिचं म्हणणं, "जे मला दिवसभर सांगता ते वहीला सांगा, तिला कान नाहीत." मला जड नाही. पस्तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो, नोंदी ठेवण्यात हयात गेली.

निवृत्त होऊन आठ महिने झाले. तेवढ्यात घरातला काटा, दुधाचं माप, शेजारणीचा तराजू, सगळं तपासून झालं. शेजारणीचा तराजू तीस ग्रॅम खोटा निघाला. तसं सांगितल्यापासून ती बोलत नाही. खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो, ही तर शेजारीण.

शेवटी हिने कंटाळून माझं नाव जुने पोशाख मंडळात घातलं. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे कपडे जुन्या चित्रांवरून पाहून हाताने शिवायचे, विणायचे, आणि नोव्हेंबरात ते घालून मोठ्या बागेत फेरी मारायची. मशीन चालत नाही. आधी वाटलं, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार. पण आता मजा येते. माझे टाके इंचाला दहा, मोजून. एवढे एकसारखे टाके मंडळात कुणाचे नाहीत, हे बाईंनीही मान्य केलं. बाई म्हणजे मंडळाच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलायला लागल्या की साठीचे बाप्येसुद्धा हाताची घडी घालून उभे राहतात.

९ ऑगस्ट

घात झाला.

मंडळाची रीत अशी: दर वर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव येईल त्याचा पोशाख आपण शिवायचा. त्याला सांगायचं नाही. माप विचारायचं नाही, कसंही करून चोरून मिळवायचं. फेरीच्या दिवशी पोशाख टेबलावर मांडायचा, शिवणाऱ्याचं नाव जाहीर करायचं, आणि मग त्याने तो घालायचा.

माझ्या चिठ्ठीत दादा निघाला.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. पंचेचाळीस वर्षं शिंपीकाम करतो. मंडळाचा जुना सभासद, पण दुकानामुळे वर्षातून दोनदाच उगवतो, चिठ्ठीला आणि फेरीला. आम्ही चार वर्षं एकमेकांशी बोलत नाही.

मी बाईंना म्हटलं, चिठ्ठी बदलून द्या. "परीक्षेत प्रश्न बदलून मिळतो का?" असं म्हणून त्यांनी वाटी उचलली. तसं पाहिलं तर माझी पाळी आली तेव्हा वाटीत एकच चिठ्ठी होती. बाकीच्या बाईंनी मुठीत धरल्या होत्या. विचारलं, तर म्हणाल्या वारा आहे. पंखा बंद होता, पण खिडकीतून येत असेल.

१० ऑगस्ट

न बोलण्याचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे नोंद पूर्ण राहील.

लेकीच्या लग्नात दादाने मला कोट शिवला. लग्नाच्या सकाळीच आणून दिला. वस्तू वापरण्याआधी तपासायची, ही माझी सवय. मी कोट टेबलावर पसरला, खात्याची पट्टी काढली आणि बाह्या मोजल्या. उजवी बाही डावीपेक्षा एक इंच लांब. एक इंच! खोलीत व्याही होते, विहीणबाई होत्या, निम्मं गोत होतं. मी म्हटलं, "दादा, तुझं माप खोटं आहे. दुकानदार असतास तर नोटीस दिली असती." सगळे हसले. दादा हसला नाही. काही बोललाही नाही. अक्षता पडेपर्यंत थांबला आणि न जेवता गेला.

मी जुनाच कोट घालून उभा राहिलो. दादाच्या कोटाला 'नापास' अशी चिठ्ठी टाचून तो ट्रंकेत टाकला. माझं काय चुकलं? मी फक्त मोजलं.

हिने हे वाचलं असावं. पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे.

१९ ऑगस्ट

दादासाठी जुन्या काळच्या कारकुनाचा पोशाख ठरवला. गुडघ्यापर्यंत लांब कोट, उभी कॉलर, खांद्यात कडक कॅनव्हास, आणि खाली विणलेले लांब मोजे. मोजे हिच्याकडून शिकून मीच विणतोय.

कापड आणताना पिशवी वाटेत चार वेळा खांद्यावरून घसरली. हल्ली पिशव्यांचे पट्टे धड करत नाहीत. नोकरीत वजनांची पेटी वीस किलोची होती, पण तिचा पट्टा उजव्या खांद्यावर असा बसायचा की पस्तीस वर्षांत एकदा घसरली नाही.

२ सप्टेंबर

पहिला मोजा झाला. वजन ब्याण्णव ग्रॅम.

११ सप्टेंबर

दुसरा मोजा झाला. सत्त्याण्णव ग्रॅम! घरं तेवढीच, ओळी तेवढ्याच. उसवायला घेतला तर हिने माझ्या हातातून ओढून घेतला. "मोजे पायात घालायचे असतात, विकायचे नसतात. माणसाचे दोन पाय तरी सारखे असतात का?" म्हटलं, असतातच. ही हसत सुटली. तिला हसायला कारण लागत नाही.

१५ सप्टेंबर

आता माप. न बोलता शिंप्याचं माप घ्यायचं म्हणजे चोराच्या घरी चोरी. दादाच्या दुकानासमोर औषधाचं दुकान आहे. तिथे खोकल्याची गोळी मागायची आणि समोर बघायचं, असं ठरवलं. दादाच्या दुकानाचं दार लाकडी फळ्यांचं आहे, त्यातलं अर्धं दिवसाही बंदच असतं. एकेक फळी चार इंचांची, दुकान बंद असताना जाऊन मोजून आलो. दादा दारात उभा राहिला की तो किती फळ्या झाकतो ते पाहायचं. हिशेब सोपा.

पण दादा दारात उभा राहील तर ना! तासभर मशीनवर वाकून बसला होता. तीन पाकिटं गोळ्या घ्याव्या लागल्या.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "अरेरे," आणि वहिनींना फोन लावायला आत गेली. दोघी जावांचं रोज बोलणं असतं. आम्ही भांडलो तरी त्यांनी बोलणं सोडलं नाही, उलट वाढवलं.

१६ सप्टेंबर

नशीब बघा! आज गेलो तर दादा दारातच. पाठीमागे फळ्या, तोंड रस्त्याकडे, आणि दोन्ही हात अंगापासून जरा दूर, शेतातल्या बुजगावण्यासारखे. चांगला दहा मिनिटं हलला नाही. वय झालं की माणसं कशीही उभी राहतात. छाती, खांदे, बाही, सगळं मिळालं. एकदा मी पेन्सिल पाडली, तर मी ती उचलून पुन्हा बघेपर्यंत तो तसाच होता.

औषधवाला म्हणाला, "काका, खोकला फार जुना दिसतोय." मी म्हटलं, चार वर्षांचा.

२८ सप्टेंबर

आधी स्वस्त कापडाचा कच्चा कोट शिवून बघायचा, अशी बाईंची सक्त ताकीद असते. तो झाला. खांद्यात कॅनव्हास घातला. बाह्या टेबलावर मोजल्या, दोन्ही बरोबर साडेतेवीस. केसाचाही फरक नाही. दादाला हे कधी जमलं नाही आणि माझ्यासारख्या शिकाऊ माणसाला जमलं, असं मनात आलं. लिहिणार नव्हतो, पण नोंद खरी हवी.

एक काळजी मात्र आहे. पोशाख ज्याच्यासाठी शिवला त्याने घातलाच नाही तर? गेल्या वर्षी म्हणे मंडळातल्या फुलवालीने शिवलेला झगा एका बाईंनी तसाच खुर्चीवर ठेवला. तेव्हापासून दोघी एकमेकींना पाहून रस्ता बदलतात. मी शिवला म्हटल्यावर दादाने कोट खुर्चीवर ठेवला, तर मग संपलंच. त्यानंतर मी कुठल्या तोंडाने त्याच्या दारात जाणार? आत्ता निदान आम्ही बोलत नाही एवढंच आहे. आणि खरं सांगायचं तर मला दादाशी बोलायचंय. हे हिला सांगितलेलं नाही.

५ ऑक्टोबर

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

दादाची आणि माझी चण सारखी. म्हणून कच्चा कोट मीच घालून आरशासमोर उभा राहिलो. डावी बाही मनगटावर अगदी बेतशीर. उजव्या हाताचं मनगट मात्र बाहेर. उतरवून मोजलं, साडेतेवीस, साडेतेवीस. पुन्हा घातला. पुन्हा मनगट बाहेर. पट्टी तपासली, खात्याच्या शिक्क्याची आहे. आरसा तपासला. मग हिला हाक मारली.

हिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, कोट सरळ आहे."

"मग?"

"मग काय, मग!"

माळ्यावरून गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी काढली. हिला स्टुलावर चढवलं आणि मानेमागून ती माझ्या दोन्ही खांद्यांवर आडवी धरायला सांगितली. बुडबुडा डाव्या टोकाला जाऊन बसला. मी म्हटलं, पट्टी उलटी करून धर. उलटी केली. पुन्हा डावीकडेच. म्हणजे पट्टी खरी होती.

खोटा मी होतो. उजवा खांदा एक इंच पडलेला. वीस किलोची पेटी, पस्तीस वर्षं. इतक्या लोकांचे काटे तपासले आणि स्वतःचा कधी पाहिला नाही. फोटोवाले जन्मभर सांगत आले, साहेब, जरा सरळ उभे राहा. मला वाटायचं त्यांचे कॅमेरे वाकडे.

मग मी ट्रंक उघडली. दादाचा कोट काढला, चिठ्ठी ओढून टाकली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो अंगात घातला. दोन्ही बाह्या दोन्ही मनगटांवर एका रेषेत. खांदे आरशात सरळ. उजव्या खांद्यात चाचपून पाहिलं, आत बोटभर जाड गादी शिवलेली. डाव्यात नाही. दादाने माझा खांदा उचलून दिला होता आणि त्या उंचीला पुरेल एवढी बाही लांब केली होती. लग्नात मी सरळ दिसावं म्हणून.

आणि मी त्याला भरल्या खोलीत खोटारडा ठरवलं.

मला रडू आलं. हिने कोट काढून घेतला आणि म्हणाली, "कापडाला पाणी लागेल." मग तीही रडली.

६ ऑक्टोबर

वहिनी आल्या. हिने बोलावलं असणार. मी सरळ विचारलं, "वहिनी, दादा तेव्हाच का बोलला नाही? एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं."

"भावोजी, व्याह्यांसमोर काय सांगणार होते? माझ्या धाकट्या भावाचा खांदा पडलाय म्हणून? शिंपी गिऱ्हाइकाच्या अंगातलं उणं तोंडाने बोलत नाही. जे असेल ते कापडात घालतो आणि गप्प बसतो. ह्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं, कात्री नंतर."

"मग नंतर तरी सांगायचं. घरी येऊन."

"तुम्ही दार उघडलं असतंत?"

मी खिशातली पट्टी चाचपली. पट्टीने मोजण्यासारखं काही नव्हतं.

९ ऑक्टोबर

दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो, माफी मागायला. दादा एका गिऱ्हाइकाचं माप घेत होता. पोट सुटलेला माणूस, श्वास रोखून उभा. दादा म्हणाला, "आरामात उभे राहा, मला घाई नाही." तो माणूस बिचारा सैल झाला, पोट पुढे आलं, आणि दादाने तेवढ्यात टेप गुंडाळून आकडा लिहिलासुद्धा. मोठ्याने उच्चारला नाही. मी तसाच मागे फिरलो. औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्या घेतल्या.

ठरवलं, जे सांगायचंय ते कोटातच सांगायचं. पण त्यासाठी नवीन माप हवं. अंगात जे आहे ते खरं बघायला हवं, आणि माप घेताना दादाला मी समोरूनच पाहिलंय. हिला म्हटलं, त्याची पाठ बघायला मिळाली असती तर!

१० ऑक्टोबर

योगायोग तरी किती असावेत! आज दादा दारात आडवा उभा होता. अगदी बाजूने, खांबाला हात लावून. मध्येच वळून दुसरी बाजूही केली. ऊन लागत असेल.

आणि मी पाहिलं. दादाला पोक आलंय. पंचेचाळीस वर्षं मशीनवर वाकून पाठीचा वरचा भाग गोल झालाय. सरळ कापलेला कोट त्याच्या अंगावर मागून उचलला जाईल आणि पुढे लोंबेल. पाठ लांब कापायला हवी. फळ्या मोजल्या, दीड इंच.

लहानपणी तो भिंतीसारखा ताठ होता. मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचा. माझ्याच्याने तिथे जास्त वेळ उभं राहवेना.

२५ ऑक्टोबर

खरं कापड कापलं. पाठ पुढच्या भागापेक्षा दीड इंच लांब. जन्मभर दोन बाजू सारख्या करणाऱ्याने जाणूनबुजून असमान कापायचं, म्हणजे माळकऱ्याने मटण खाल्ल्यासारखं. कोणाला सांगितलं नाही. हिलाही नाही.

मोजे ब्याण्णव आणि सत्त्याण्णवच ठेवले.

८ नोव्हेंबर

काजं करतोय. एकूण सात. तिसरं बिघडलं. वेळ नाही.

१५ नोव्हेंबर

फेरी झाली. सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी बागेतल्या सभागृहात लांब टेबलावर सगळे पोशाख मांडले. बाईंनी एकेक नाव वाचलं. "दादांचा कोट. शिवणारे, आपले निरीक्षकसाहेब." सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. आमचं भांडण कुणाला माहीत नाही? दादा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभा होता. त्याने मान वर केली नाही.

तेवढ्यात दंतवैद्य पुढे आला. हा मंडळातला सगळ्यात आगाऊ माणूस, दात काढता काढता प्रश्न विचारणारा. त्याने कोट सपाट पसरला, बोटाने चाचपला आणि ओरडला, "अहो, पाठ लांब झालीय! बघा, पुढचा घेर इथे आणि मागचा इथे! टेप आणा!" टेप आणली. दीड इंच. "निरीक्षकसाहेब आणि दीड इंचाची चूक! द्या नोटीस!"

सगळे हसायला लागले. फुलवालीने टाळ्या वाजवल्या.

उत्तर माझ्या ओठांवर होतं. एक वाक्य बोललो असतो तर दंतवैद्याचं तोंड बंद झालं असतं आणि माझी अब्रू राहिली असती. दादा आता माझ्याकडे बघत होता. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ बघत होता. त्या लग्नाच्या सकाळी त्याला कसं वाटलं असेल ते मला तिथे उभं राहून कळलं.

मी म्हटलं, "हो. चुकलं माझं. पाठ लांब झाली."

"नापास!" दंतवैद्य म्हणाला.

"नापास," मी म्हटलं.

दादा टेबलाला वळसा घालून आला. कोट उचलला. आधी उलटा करून आतली शिवण पाहिली, मग पाठीवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत, फार सावकाश. मला वाटलं, आता खुर्चीवर ठेवतो. त्याने तो अंगात घातला. सातही बटणं लावली आणि हात खाली सोडले.

घेर चारी बाजूंनी जमिनीपासून एका उंचीवर. बाई चष्मा लावून त्याच्याभोवती फिरल्या. "नवलच आहे! टेबलावर वाकडा आणि अंगावर सरळ. दादा, हे कसं काय?"

दादा म्हणाला, "कापड चांगलं आहे."

दादाने मोजेही चढवले. बागेत सगळे पुढे गेले. दादाची चाल हळू, म्हणून मी मागे राहिलो. तळ्याला अर्धा वळसा झाला तेव्हा मीच म्हटलं, "दादा, तो कोट मी घालून बघितला. लग्नातला. बसतो."

"माहीत आहे. मी शिवलाय."

"मला माफ कर."

तो थोडा चालला. मग म्हणाला, "मोजे ऊबदार आहेत." आणि पुढे, "पण हे तिसरं काज कुणी केलंय? पायाने केलंय का?"

"मीच."

"काज आहे का उंदराचं बीळ? त्यातून बटणच काय, माझी मूठ जाईल." आणि मग जो सुटला तो थांबेचना. कॉलर अशी का, कॅनव्हास तिरका का नाही कापला, सुई कितव्या नंबरची वापरली, इंचाला दहा टाके काय घालतोस, पोतं शिवतोयस का? मी सगळं ऐकून घेत होतो. चार वर्षांचं बोलणं होतं, कुठून तरी सुरू व्हायचंच.

शेवटी बाकावर टेकला आणि म्हणाला, "तुझ्यासाठी दारात उभं राहून राहून माझे खांदे भरून आले, आणि तू काज असं केलंस!"

शिंप्याला उभ्याचं काम फार, खांदे दुखायचेच. मी त्याला चांगलं मलम सांगितलं. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी खिशातल्या खोकल्याच्या गोळ्या काढून दिल्या.

१६ नोव्हेंबर

सकाळी पावणेनऊला फोन. दादा.

"दुकानात ये. ते काज तुझ्याच हाताने उसवून घेणार आहे."

"आत्ता?"

"मग काय, आणखी चार वर्षांनी?"

निघालो.